खिडकीतला बूट

एथ्नाला कुंपणापाशी अंगठ्याएवढा बूट सापडला, आणि तिच्या नवऱ्याचं, टाइगचं, कामातलं लक्ष उडालं. केरी परगण्यातल्या त्या गावात जोडे शिवणारा तो एकटाच. एथ्नानं बूट खिडकीत ठेवला. दूध घेऊन जाणाऱ्या बायका मुद्दाम थांबायच्या.

"लेप्रेकॉनचाच गं, त्या जादूच्या बुटक्या मोच्याचा. टाका दिसतो का बघ कुठे," एक म्हणाली.

"आमच्या टाइगचा टाका चर्चच्या दारातून दिसतो," एथ्ना म्हणाली. सगळ्या हसल्या.

टाइग आत बसून ऐकत होता. तिच्या पायातले जोडेही त्यानंच शिवलेले. त्यांच्याकडे तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी ओढ्यापलीकडच्या झुडपातून ठकठक ऐकू आली. टाइग वाकून गेला आणि त्यानं वीतभर उंचीच्या म्हाताऱ्याची मानगूट धरली. म्हाताऱ्याच्या मांडीवर अर्धा शिवलेला बूट होता.

"सोनं ना? मला पकडणारे सगळे तेच मागतात. चल, हंडा दाखवतो," म्हातारा कंटाळून म्हणाला.

"हंडा घाल चुलीत. टाका दाखव."

म्हाताऱ्यानं त्याच्या पायांकडे पाहिलं. "हे तू शिवलेस?"

"हो."

"बरे आहेत. चिखलात चालतील."

टाइगचे कान तापले. तरी त्यानं नजर हलवली नाही. नजर हलली की हे लोक निसटतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"शिकवतो," म्हातारा म्हणाला. "पण तुझी बायको येतेय बघ. माझा बूट छातीशी धरून. मलाच शोधत असेल."

टाइगनं झटकन वळून पाहिलं. रस्त्यावर एक गाय उभी होती. मुठीत नुसतं गवत उरलं.

घरी येऊन त्यानं खिडकीतला बूट उचलला. टाका कसा घातलाय ते तरी कळावं, म्हणून आरीनं एक उसवला. दोरा सरसर निघाला आणि चामड्याचे तुकडे सुटे झाले. मग तो ते जोडत बसला. जमेना.

एथ्ना बटाटे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"त्याला पकडलं होतं मी," टाइग म्हणाला.

"मग सोनं?"

"मागितलं नाही."

तिला काय ते कळलं. "अरे, तो बूट घालून कोण चालणार होतं? तुझे जोडे घालून मी डोंगर चढते."

"पण खिडकीत नाही ठेवत."

एथ्नानं तुकडे गोळा केले, फडक्यात बांधले आणि मिठाच्या बरणीमागे सरकवले. टाइगनं जागा पाहून ठेवली.