ड्रेसिंगला कोण होतं

कुंडलिक लोणीचा. हर्नियाचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस होता. सकाळी पट्टी सोडली तर टाक्यांच्या कडेनं पू. प्राची सिस्टरनं बोटांवर मोजलं. बारा दिवसांत ही तिसरी जखम चिघळली होती. आधी एका बाळंतिणीचे सिझेरियनचे टाके, मग अपेंडिक्सच्या एका पोरीचे, आणि आता हा.

आळेफाट्याच्या त्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात जंतुसंसर्ग रोखण्याचं काम प्राचीकडे होतं. पुण्याला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून ती त्यात फार काटेकोर झाली होती. हात कसे धुवायचे याचा कागद तिनंच बेसिनवर चिकटवला होता. नव्या जखमेचं पहिलं ड्रेसिंग कुणीही करो, ती शेजारी उभी राहून बघायची.

आधीच्या दोघींसारखाच याचाही पू तिनं पुण्याला तपासणीला पाठवला आणि ड्रेसिंगचं रजिस्टर उघडलं. तिन्ही जखमांपुढे एकच नाव होतं. नूरबी.

नूरबी जुन्नरची, प्राचीहून पंधरा वर्षांनी मोठी नर्स. रोज एसटीनं यायची, कमी बोलायची. तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती. पण त्या दिवसापासून प्राची तिच्या हातांवर डोळा ठेवू लागली. दाराच्या काचेतून बघायची. ती हात किती वेळ धुते, नळ कशानं बंद करते, हातमोजे चढवल्यावर हात कुठं लावते. नूरबीचं काही चुकत नव्हतं, आणि त्यानं प्राचीचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आपण बघतोय हे हिला कळलं असेल, म्हणून नीट करत असेल, असं तिला वाटू लागलं. एकदा हात धुतल्यावर नूरबीनं कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले, तर प्राचीनं ते वेळेसकट लिहून ठेवलं.

मग तिनं बांगड्या काढायला सांगितल्या. नियमच होता तो, पण अश्विनी सिस्टरच्या हातातही बांगड्या होत्या आणि तिला प्राची काही बोलली नाही. नूरबीनं अश्विनीच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या.

अशा गोष्टी वॉर्डात लपत नाहीत. कुंडलिकची बहीण साळुबाई त्याच्याजवळ राहत होती. दुसऱ्या दिवशी तिनं प्राचीला व्हरांड्यात गाठलं.

"माझ्या भावाला त्या बाईचा हात लागू देऊ नगा. लोक काय काय बोलत्यात."

कोणत्या बाईचा, हे तिला विचारायची गरज नव्हती. लोक काय बोलतात, तेही प्राचीला ठाऊक होतं. जखमेशी त्याचा काही संबंध नव्हता. नूरबी नाव ऐकूनच काहींचं ठरलं होतं. आपण तसल्या नाही, आपण फक्त रजिस्टर बघतो, असं प्राचीनं स्वतःला बजावलं. पण साळुबाईला ती एवढंच म्हणाली, "बदल करते." आणि नूरबीला कपड्यांच्या खोलीत गाऊन-चादरींच्या कामाला लावलं.

आठवड्यानं चौथी जखम चिघळली. नूरबीनं त्या पेशंटला पाहिलंही नव्हतं. तरी प्राचीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की गाऊन तर तिच्याच हातून जातात.

तिनं डॉक्टरांकडे नूरबीच्या नाकातला नमुना तपासायची परवानगी मागितली. काही जंतू नाकात राहतात आणि माणसाला स्वतःला काही होत नाही, हे ती प्रशिक्षणात शिकली होती. डॉक्टर म्हणाले, एकीचाच का? ऑपरेशनला आणि ड्रेसिंगला असतात त्या सगळ्यांचा घ्या, माझाही. प्राचीनं सगळ्यांचे नमुने घेतले. तिचा स्वतःचा अश्विनीनं घेतला.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी प्राचीला एकटीला बोलावलं आणि दार लावून घेतलं. चारही जखमांत सापडलेला जंतू एकाच नाकात मिळाला होता. त्यावर लागू पडणारी औषधं तीच होती, निकामी ठरणारीही तीच. नमुना प्राचीचा होता.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, असं ती म्हणाली. पुन्हा नमुना गेला. पुन्हा तेच आलं.

डॉक्टर समजुतीनं बोलले. असा जंतू कितीतरी लोकांच्या नाकात असतो, यात गुन्हा नाही. फक्त तिचा मास्क सारखा नाकाखाली घसरतो, ती बोटानं तो वर करते, आणि त्याच हातानं जखमेच्या जवळ बोट करून दाखवते, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, असंही ते म्हणाले.

प्राचीला ती चार ड्रेसिंग आठवली. चारही वेळा ती वाकून उभी होती. रजिस्टरात करणारीचं नाव लिहितात, शेजारी उभी असणारीचं लिहायची पद्धत नाही.

पाच दिवस नाकात मलम, औषधी साबणानं अंघोळ आणि कामाला सुट्टी. ती शिनोलीला माहेरी गेली. घरी काही सांगितलं नाही. आपल्या लहान मुलीला जवळ घेताना तोंड बाजूला करायची, आणि आई विचित्र नजरेनं बघत राहायची.

नंतरचा नमुना स्वच्छ आला. हे सगळ्यांना सांगायचं की नाही, ते डॉक्टरांनी तिच्यावर सोडलं होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. संशय होता तिथंच राहिला असता. कामावर परतायच्या आदल्या रात्री तिनं तसा विचारही केला.

पहिल्याच दिवशी ती कपड्यांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नूरबीनं हातातल्या गाऊनची घडी पुरी केली.

"मी तुमचं नाव कुणापाशी घेतलं नव्हतं, नूरबीताई," प्राची म्हणाली.

"घेतलं न्हाई. पण साळुबाई बोलली तवा तिला गप पण न्हाई केलं."

प्राचीनं माफी मागितली. नूरबीनं ती दिलीही नाही आणि नाकारलीही नाही. आपली ड्यूटी परत हवी, आणि साळुबाईला प्राचीनंच जाऊन सांगावं, एवढं मात्र तिनं स्पष्ट सांगितलं.

कुंडलिक त्याच दिवशी पट्टी बदलायला आला होता. जखम भरत आली होती. प्राचीनं साळुबाईला सगळं सांगितलं, अश्विनीसमोर, बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर. साळुबाईनं तिच्या मास्ककडे पाहिलं.

"मंग आता तुमी पण नगा हात लावू," ती म्हणाली.

ड्रेसिंग नूरबीनं केलं. कुंडलिक मान उचलून तिची बोटं न्याहाळत होता, साळुबाईही उशाशी उभी राहून बघत होती. प्राची सवयीनं दोन पावलं आत आली.

"सिस्टर, तितंच थांबा," नूरबी मान वर न करता म्हणाली.

प्राची दाराशी थांबली.