एकाच दातावर दोघी

मी लांडग्याचा एक जुना सुळा आहे, मित्रांनो. माझी जात डिचोलीकडच्या सड्यांवर, त्या उघड्या कातळपठारांवर फिरायची. आता ती कुठेच नाही.

कारापूरच्या सोनाराने मला चांदीत बसवलं. झोपेत दचकणाऱ्या मुलाच्या गळ्यात मला बांधायचं, अशी तिथली रीत. मी राहायचो पद्मावतीकडे; तिच्या घरून मला गावभर नेत. परत आलो की ती खोबरेल लावून पुसायची. "दमलंस मरे?" म्हणायची.

पुढे लोक मुलांना डॉक्टरकडे नेऊ लागले. मी कपाटात पडून राहिलो. शेवटच्या आजारात पद्मावतीच दचकू लागली, तेव्हा तिचा नवरा कृष्णनाथ याने मला तिच्या गळ्यात बांधलं. मी काही करू शकलो नाही. ती गेली.

मग शेजारची समीक्षा आली. प्राण्यांच्या जनुकांवरून त्यांचे पूर्वज शोधणं हे तिचं काम. माझी थोडी भुकटी काढली, तर माझं घराणं कळेल, म्हणाली. मला माझी आई आठवत नाही, मित्रांनो. मी आसुसलो.

"पण काका, आधी वरचा थर औषधाने पुसायला हवा. काकीचा घाम, तेल, सगळं. नाहीतर यंत्राला लांडगा सोडून काकीच दिसेल."

"दिसांदे. तिका बघल्यार तुझ्या यंत्राचा काय वायट जातला?"

समीक्षा हसली नाही.

"गे बाय, साड्यो वाटल्यो. उशीचो वास गेलो. माझ्याकडे तिचा आणखी काय उराक नाय."

"ह्याच्या जातीचा तर हा एकच दात उरलाय, काका."

त्याने मला मुठीत आवळलं. मला आई हवी होती आणि पद्मावतीही हवी होती. तोंड असतं, तर काय मागितलं असतं, मला अजून कळत नाही.

"मीच पुसतां," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्याचो हात नाका."

प्रयोगशाळेत त्याला हातमोजे दिले, तोंड झाकलं. "काका, डोळ्यांतलं पाणी त्यावर पडू देऊ नका. पुन्हा पुसावं लागेल." त्याने मान मागे केली आणि न बघताच मला पुसलं.

काही महिन्यांनी निकाल आला. आज जिवंत असलेल्या लांडग्यांपासून माझी शाखा फार पूर्वी वेगळी झाली होती. त्या शाखेत आता कोणी नाही. घराणं सापडलं, पण हाक मारायला कोणी नाही.

कृष्णनाथने मला नाकाशी धरलं. नुसता औषधाचा वास.

"गेली," तो म्हणाला.

मित्रांनो, जे अजून सड्यावर धावतं आहे, जे अजून घरात खोकतं आहे, त्याला आजच सांभाळा. मागाहून दाताला कितीही विचारलं, तरी कोणी परत येत नाही.