डाव्या कपावरचा माईक

शुक्रवारी दुपारी केतकीला प्रेमाकाकूंचा फोन आला. काकू कधी फोन करत नसत, मेसेज टाकायच्या.

"उद्याचं सेशन शेवटचं करू या, केतकी," काकू म्हणाल्या. "ह्यांनाच नकोय, तर मी तरी किती ओढू? तू सुरू केलंस की दहा मिनिटांत 'बस' म्हणतात. काल तर टॅब्लेट उपडा करून ठेवला."

"काकू, एवढ्यात सोडू नका."

"मी कुठे सोडतेय? तेच सांगतायत."

केतकीच्या वहीतही तेच होतं. गेल्या चार वेळा तिने स्वतःच लिहिलं होतं, 'रुग्णाचा नकार.'

काकूंचे यजमान विद्याधरकाका विमानांच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही. चाळीस वर्षं बेंगळुरूत काढलेल्या माणसाची कन्नड पार पुसली गेली, पण मराठीचे तुकडे हळूहळू परतायला लागले. म्हणून मराठीत शिकवणारी स्पीच थेरपिस्ट शोधत काकू पुण्याहून इथे आलेल्या केतकीपर्यंत पोचल्या. के. आर. पुरमहून बनशंकरीपर्यंत दोन तास गाडीत बसणं त्यांना झेपत नव्हतं. मग सगळं व्हिडिओ कॉलवरच.

आणि घोळ तिथेच होता. केतकीच्या शेजारच्या प्लॉटवर इमारत चढत होती, सकाळी नऊपासून ड्रिल सुरू. तिच्या जुन्या स्वस्त हेडसेटला माईक होता, पण कानात आवाज डब्यातून आल्यासारखा. काका 'प' म्हणाले की 'ब' हे कळायचं नाही. नवऱ्याचे, अजितचे, भारीतले हेडफोन घातले की समोरच्याने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू यायचा. पण त्यांना माईकच नव्हता. लॅपटॉपचा माईक तिच्याआधी ड्रिल उचलायचा, काकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एकदा तसं करून पाहिल्यावर ती परत जुन्या हेडसेटकडे वळली होती.

फोन ठेवून ती तडक मेट्रोने चिकपेटला उतरली आणि एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात शिरली, हेडफोनला वेगळा माईक मिळेल का विचारायला.

"स्वल्प इरी, मॅडम," मालक त्रिविक्रमने जरा थांबायला सांगितलं आणि वरच्या फळीवरून एक डबी काढली. आत बोटभर दांडीचा, वळवता येणारा माईक होता. सोबत नाण्याएवढी चुंबकाची चकती, एका बाजूला चिकटपट्टी लावलेली. "ही चकती हेडफोनला चिकटवायची, माईक तिला धरून राहतो. नको तेव्हा ओढून काढायचा."

"लॅपटॉपला तर एकच भोक आहे."

"म्हणून हे." त्याने दोन शेपट्यांची छोटी वायर पुढे केली. एक शेपूट हेडफोनला, एक माईकला. "जागा नीट ठरवून लावा. एकदा चिकटली की सहजी निघत नाही."

घरी आल्यावर हेडफोन मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. अजित ते हेडफोन रुमालाने पुसून ठेवायचा. तिने त्याच्या हेब्बाळच्या ऑफिसात फोन लावला.

"अजित, तुझ्या हेडफोनला एक चकती चिकटवायचीय. निघणार नाही कदाचित."

"काकांसाठी?"

"हो."

"डाव्या कपावर लाव. पण जाळीवर नको, आवाज बिघडेल. कडेच्या पट्टीवर."

तिने डाव्या कानावर बसणाऱ्या कपाची पट्टी पुसली, चकती दाबली, माईक लावला आणि बोलून रेकॉर्ड केलं. ऐकलं तर नुसतं ड्रिल. पुन्हा केलं, पुन्हा ड्रिल. सगळं उगाच केलं, उद्या काका टॅब्लेट फेकतील, असं मनात येत असतानाच तिचं लक्ष सेटिंगकडे गेलं. लॅपटॉप अजून स्वतःचाच माईक वापरत होता. तो बदलला, तेव्हा तिचा आवाज पुढे आला आणि ड्रिल भिंतीपलीकडे गेल्यासारखं झालं. फक्त 'प' म्हटला की फुंकर बसत होती. माईक ओठांसमोरून गालाशी वळवला, तशी तीही गेली.

शनिवारी अकराला ती हेडफोन घालून बसली. पडद्यावर काका खुर्चीत, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या खांद्यामागे काकू उभ्या. औषधाची वाटी, नॅपकिन, सगळं हातात.

"काका, हे काय आहे?" केतकीने पेल्याचं चित्र दाखवलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी नव्हती. "पे... ला."

दोन-तीन चित्रं झाली. मग त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ओठ हलले, आणि तोच शब्द आला. "बस."

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. त्यांचा हात टॅब्लेटकडे आला.

"काकू, थांबा जरा." केतकीने हेडफोन कानांवर दाबून धरले. त्या शब्दाआधी काहीतरी होतं. नुसता श्वास म्हणावा इतकं. "काका, पुन्हा म्हणा. सावकाश."

काकांनी डोळे मिटले. "प्रे..." पुढचं विरून गेलं. मग, "बस."

केतकी माईकशी अगदी हळू बोलली. "काका, तुम्ही प्रेमाकाकूंना बसायला सांगताय?"

काकांची मान हलली. एकदा, मग पुन्हा, जोरात. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीच्या बाजूला थोपटलं.

काकू उभ्याच राहिल्या. हातातली वाटी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. "इतके दिवस मी मागे उभी आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कंटाळलेत."

"मलाही तसंच वाटलं, काकू. मला ऐकूच आलं नव्हतं. चूक माझीही आहे."

काकूंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. काकांनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि केतकीकडे पाहिलं, जणू आता पुढचं चित्र दाखव. त्या दिवशी पंचवीस मिनिटं झाली. 'खिडकी' काही केल्या आली नाही, 'चावी' आली.

"सोमवारी अकरालाच ना?" शेवटी काकूंनी विचारलं.

"अकराला," केतकी म्हणाली.

पडदा बंद झाल्यावर तिने वही उघडली. 'रुग्णाचा नकार' चारही ठिकाणी खोडलं आणि खरं काय ते लिहिलं. पण जुन्या हेडसेटवरून तिने आणखी सहा जणांना ऐकलं होतं, त्यांचंही काही असंच निसटलं असेल; त्यात एक सात वर्षांची मुलगी होती. केतकीने मागची पानं काढली आणि त्या मुलीच्या आईला फोन लावला.