सहा किलोंची तूट

बसच्या पोटात सरकवायला म्हणून काटेवाल्यांनी बॅग उचलली आणि त्यांचा हात अंदाजापेक्षा बराच वर गेला. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन लागावी, तसं झालं. त्यांनी बॅग खाली ठेवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली.

सोळा किलो. फार तर शंभर ग्रॅम इकडे-तिकडे.

महिन्यापूर्वी लेकीकडे येताना हीच तपकिरी बॅग बावीस किलो भरली होती.

"बाबा, मी ठेवू का?" मागून जावयांनी विचारलं.

"नको. हलकीच आहे," ते म्हणाले आणि बायकोकडे वळून पाहिलं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला तरी लेक आईला सोडत नव्हती. शेवटी बायकोनंच तिचे हात हळूच बाजूला केले, गळ्यातली पर्स नीट केली आणि मागे न बघता बसमध्ये चढली.

गोदामाच्या फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. मालमोटार आत येताना भरलेली तोलायची, बाहेर जाताना रिकामी तोलायची. मधला फरक तो माल. ड्रायव्हर काय शपथा घेतो आणि कागदावर काय लिहिलंय, त्याला काट्यापुढे किंमत नाही. या कामामुळे त्यांचं पाळण्यातलं नाव मागे पडलं आणि ते सगळ्यांचे काटेवाले झाले. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. पण माणूस निवृत्त होतो, हात होत नाही. कोपऱ्यावरचा भाजीवाला अजूनही त्यांना पिशवी देताना दोन बटाटे जास्तीचे टाकायचा; उगाच चारचौघांत शोभा नको म्हणून.

प्रवासाला निघताना घरातल्या छोट्या काट्यावर त्यांनीच सगळं तोललं होतं. आधी सामान हातात घेऊन उभं राहायचं, मग ते ठेवून उभं राहायचं. मालमोटारीचाच न्याय. तिचे कपडे सहा किलो, त्यांचे कपडे सहा किलो, आणि शाली, औषधं, फोटोंचा अल्बम, खुद्द बॅग मिळून दहा. लेकीसाठी नेलेल्या वस्तू वेगळ्या बॅगेत होत्या, आणि ती बॅग तिकडेच राहिली होती. परतीची ही बॅग मात्र बायकोनं एकटीनं भरली होती. "तुम्ही नातीला घेऊन वाचनालयात जाऊन या," म्हणून त्यांना घराबाहेर पिटाळलं होतं आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं.

सहा किलो म्हणजे बरोबर एका माणसाचे कपडे.

बस घाट उतरू लागली तशी काटेवाल्यांच्या मनात चुकचुकणारी पाल सरळ बोलायलाच लागली. चौथ्या दिवशीची गोष्ट. पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघराकडे गेले होते, तेव्हा आतून लेकीचा आवाज आला होता. "आई, तू इथेच राहा ना गं. इथे सगळं चांगलं आहे." त्यावर बायको म्हणाली होती, "आधी त्यांची सोय लागू दे." ते तहान तशीच घेऊन परत फिरले होते.

सोय. म्हणजे डबेवाली बघायची, कपडे धुवायला बाई बघायची, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगायचं आणि आपण लेकीकडे निघून जायचं. कपडे आधीच पुढे गेले होते. उरलं होतं ते फक्त त्यांना घरी नेऊन पोचवणं.

"गप्प का?" बायकोनं विचारलं.

"बसमध्ये काय भाषण करू?"

तिनं शाल गळ्यापर्यंत ओढली आणि डोकं खिडकीला टेकवलं. लेकीनं तिला एक जाडजूड नवा कोट घेऊन दिला होता; त्यावर शाल. त्या गाठोड्यातून तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

बंदरावर बोट लागलेली होती. धक्क्यावरून बोटीत जायची फळी ओली आणि चांगलीच चढी होती. काटेवाले बॅग घेऊन तरातरा वर गेले. त्यांना राग आला की ते पुढे चालत. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची रीत. वर जाऊन त्यांनी पाहिलं तर ती अर्ध्यावरच थांबली होती.

"अहो, हात द्या जरा."

तिला कधी हात लागत नसे. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती तीन मजले चढणारी. त्यांनी खाली वाकून तिचा पंजा धरला आणि नेहमीच्या जोरानं ओढलं. ती इतकी चटकन वर आली की त्यांचाच तोल गेला आणि पाठ कठड्यावर आदळली. हातानं काहीतरी आकडा सांगितला, पण काटेवाल्यांनी तो ऐकून घेतला नाही.

"तिथलं खाणं तुला मानवलेलं दिसत नाही," एवढंच ते बोलले.

"तुम्हाला मात्र छान मानवलं," ती धापा टाकत हसली. "गाल आलेत. तिकडची थंडीही बाधली नाही. वाचनालयाचा रस्ता तर आता तुम्हाला तोंडपाठ झाला असेल."

"रोज पाठवायचीस, मग होणारच."

"म्हणूनच तर पाठवायची."

आपण घरात नको होतो, असा त्याचा अर्थ काटेवाल्यांनी लावला. शंकेखोर माणसाला अर्थाची ददात नसते. ते डेकवर जाऊन उभे राहिले आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत आत आले नाहीत. आले तेव्हा ती बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती, पर्स उशाशी. समोरच्या बाईनं आपली उशी तिच्या कमरेखाली सरकवली होती. आपल्याला हे सुचायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. मग कपड्यांची आठवण झाली आणि ते वाटणं विरलं.

विमानतळावर बॅग पट्ट्यावर चढली. आकडा उमटायच्या आधी बायको काऊंटरवरच्या मुलीकडे पाहत म्हणाली, "थांबा हं, हे आधी सांगतील."

"सोळा," काटेवाले म्हणाले.

"पंधरा किलो नऊशे," मुलगी म्हणाली.

"चुकलात की! शंभर ग्रॅमनं."

"येताना बावीस होती." हे मात्र ते मुलीला उद्देशून बोलले नव्हते.

बायकोनं पासपोर्ट पर्समध्ये ठेवले. ठेवायला जरा जास्तच वेळ लागला. "हो का?" ती म्हणाली. "तेव्हाचा काटा चुकला असेल."

काटेवाल्यांना कुणी काहीही बोलावं, काटा चुकला म्हणू नये. एकदा एका व्यापाऱ्यानं तसं म्हटलं होतं, तर त्यांनी दिवसभर फाटक बंद ठेवलं होतं. आणि इथे घरचंच माणूस तोंडावर खोटं बोलत होतं, तेही हसून. विमानात ते तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तिनं जेवणाला हात लावला नाही, तेव्हा त्यांनी तिचं ताट आपल्या पुढ्यात ओढलं आणि तेही संपवलं. खरं तर त्यांना भूक नव्हती.

मध्येच तिनं झोपेत त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. सदतीस वर्षांत ही बाई कधी काही मागायला आली नव्हती. यंदा मात्र हट्टच धरून बसली होती: लेकीकडे जायचं, दोघांनी जायचं आणि याच वर्षी जायचं. पुढल्या वर्षी जाऊ म्हटलं तर ऐकायला तयार नाही. आता त्या हट्टामागचं कारण आपल्याला कळलं, असं काटेवाल्यांना वाटत होतं. तिच्याशिवायचं घर त्यांना डोळ्यांपुढे आणताच येईना. दार दिसायचं, दाराला कुलूप दिसायचं, आणि पुढे काहीच दिसायचं नाही.

विमानतळावरून गावापर्यंत पाच तासांची रेल्वे. सकाळची वेळ होती, डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीबाहेर ओळखीचे खांब आणि ओळखीच्या टाक्या लागू लागल्या, तसा त्यांचा धीर सुटला.

"जायचंच असेल तर सांगून जा," ते म्हणाले.

"कुठे?"

"लेकीकडे. राहायला. मी काही कुणाला अडवणारा नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसानं."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी तिला हसू आलं, मग ते हसू कुठेतरी अडलं. तिनं पदर नसलेल्या कोटाच्या बाहीनंच डोळे पुसले.

"तेच घेऊन बसला होतात का दोन दिवस? मला वाटलं, तुम्हाला कळलं."

"कळलंच की. कपडे ठेवून आलीस ना तिथे?"

गाडी एका पुलावरून गेली, तो आवाज संपेपर्यंत ती थांबली. "मला नाही कुठे जायचं," ती म्हणाली. "मला आपल्या घरी राहायचंय. शेवटपर्यंत तिथेच. लेकीनं खूप आग्रह केला, तिला मी नाहीच म्हटलं."

हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण सहा किलो कमी होते ते होतेच. ड्रायव्हर काय शपथा घेतो, त्याला किंमत नाही.

स्टेशनवरून त्यांनी रिक्षा केली. जिन्यापाशी उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." ते झाले पुढे. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, महिनाभराची कोंदट हवा बाहेर जाऊ दिली. ती वर आली, भिंतीला धरून जरा उभी राहिली आणि हातपाय धुवून थेट चहाचं आधण ठेवायला गेली. काटेवाल्यांनी बॅग पलंगावर घेतली आणि तिची चेन एका दमात ओढली. मुद्देमाल समोर मांडायचा आणि मग बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वरच तिचे कपडे होते.

त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले. निळा, हिरवा, बारीक फुलांचा, घरात घालायचे दोन, पांढरा स्वेटर. निघताना त्यांनी स्वतः तोलले होते, त्यांना सगळे माहीत होते. एकही कमी नव्हता. त्याखाली शाली, औषधांचा डबा, अल्बम. त्याखाली बॅगेचा तळ.

त्यांची लोकरीची पँट नव्हती. चार सदरे नव्हते. जाड स्वेटर, मफलर, घरातल्या सपाता, वाचायचा जुना चष्मा, काही म्हणजे काही नव्हतं.

त्यांना एकदम हायसं वाटलं, हसूच फुटलं. दोन दिवस आपण सुतावरून स्वर्ग गाठला होता. "अगं ए," त्यांनी हाक मारली, "माझे सगळे कपडे तिथेच विसरून आलीस की! आणि मी मेला तुझ्यावर..."

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कोट काढून ठेवला होता. अंगात घरातलाच झगा होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी घातल्यासारखा खांद्यावरून ओघळत होता.

"विसरले नाही," ती म्हणाली. "लेकीनं तुमच्यासाठी एक खण रिकामा केलाय. मोठ्या खिडकीच्या खोलीत. सपाता पलंगाखाली ठेवल्यात. वाचनालय जवळ आहे, नातीला तुमचा लळाही लागलाय. इथे एकटे तुम्ही चहासुद्धा धड करून पिणार नाही."

"मी कशाला एकटा राहीन?"

महिनाभर नजरेआड न केलेली पर्स तिनं गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. "डॉक्टरांचे कागद यात आहेत. आपण निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात आले होते. आधी तुम्हाला तिकडचं घर आवडू दे, मग सांगू म्हटलं."

काटेवाल्यांनी पर्सकडे पाहिलं. मग खाली वाकून पलंगाखालचा छोटा काटा ओढला. ओढताना तो फरशीवर खरखरला.

"राहू द्या तो," ती म्हणाली. "एकेचाळीस."

मागच्या वर्षी ती छप्पन होती.

चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलणारा माणूस तिथेच पलंगाच्या कडेवर बसला. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता. बोटीच्या फळीवर याच हातानं त्यांना बरोबर आकडा सांगितला होता. आत आधण उकळायला लागलं, तशी ती वळून आत गेली.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"पोचलात, बाबा?" लेकीचा आवाज आला. मग तिनं हळूच विचारलं, "आईनं सांगितलं?"

"सांगितलं." ते म्हणाले. "ऐक. तो खण रिकामा कर. माझे कपडे परत पाठवून दे. सगळे, सपाता-चष्म्यासकट. मला इतक्यात नाही लागणार तिकडे. मी इथे आहे."

पलीकडून लेकीच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. स्वयंपाकघरात कपात ढवळणारा चमचा थांबला होता.

"सहा किलो आहेत," काटेवाले म्हणाले. "कमी भरले तर मला कळेल."