गाडीतून जे निघेल ते

सासरे गेले तेव्हा खाटेपाशी तिघंच होती. मुलगी, मुलगा आणि जावई. शेवटचे काही दिवस म्हातारा कुणाशी बोलत नव्हता. त्या सकाळी मात्र त्यांनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाटणी करून टाकली.

"गाडी जावयाची. आणि गाडीतून जे निघेल ते माझ्या मुलाचं."

मग त्यांनी पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत थांबले नाहीत.

गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, एकेकाळी लाल असलेली स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी ती तरुणपणी हौसेनं घेतली, काही वर्षं भरधाव पळवली आणि मग एके दिवशी गॅरेजमध्ये लावून तिच्यावर ताडपत्री टाकली ती कायमची. जावई दाताचे डॉक्टर. नुकतेच निवृत्त झालेले, हात शिवशिवत असलेले. दिवसभर घरात बसून ते बायकोच्या हसण्याकडे इतकं निरखून बघायचे की ती बिचारी तोंड मिटून हसायला लागली होती. त्यामुळे ताडपत्री निघाली आणि दरवाजाच्या खालच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा गंजाचा ठिपका दिसला, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की बायकोला लग्नातले फोटो आठवले.

"कीड सुरुवातीचीच आहे," ते म्हणाले. "साफ करू, भरू, विषय संपला."

त्यांनी दवाखान्यातून आणलेली पेटी उघडली. आरसा काढला, आकडा काढला, डोक्याला दिवा बांधला आणि गाडीसमोर स्टूल घेऊन बसले. सवयीनं तोंडून निघून गेलं, "दुखलं तर हात वर करा." आकडा टोचला. तो आत गेला आणि जातच राहिला. डॉक्टरांनी हलकेच खरवडलं, तर रंगाचा पापुद्रा सुटून पोळीएवढं भोक पडलं आणि लालसर भुकटीची धार जमिनीवर ओघळली.

नेमका त्याच वेळी मेहुणा दारात येऊन उभा राहिला.

मेहुण्याला घरातले सगळे तोळोबा म्हणत. जन्मभर त्यानं वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरी केली होती आणि दुकानदार त्याला लांबून येताना बघूनच तराजू पुसायला घेत. लग्न केलं नव्हतं. खोटं बोलत नव्हता, दुसऱ्याचं घेत नव्हता, आणि स्वतःचं कणभरही सोडत नव्हता. भुकटीकडे त्यानं थोडा वेळ पाहिलं.

"भाऊजी, हे कुठून निघालं?"

"दरवाजातून."

"दरवाजा कशाचा?"

"गाडीचा," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं.

तोळोबानं खिशातून कागदी पिशवी काढली, खाली वाकून भुकटी बोटांनी गोळा केली, पिशवीच्या तोंडाला घडी घातली आणि म्हणाला, "उद्या बरणी घेऊन येतो."

तो खरंच आला. रोज येऊ लागला. सकाळी डॉक्टर तारेचा ब्रश हातात घ्यायचे तेव्हा हा गाडीखाली जुनी चादर अंथरून तयार असायचा. डॉक्टर घासायचे, हा झाडायचा. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असे. 'डावा दरवाजा, खालचा भाग.' 'मागचं मडगार्ड, आतून.' 'बाबांच्या पायाखालचं.' ही शेवटची बरणी भरली त्या दिवशी डॉक्टरांनी गाडीखालून वर बघितलं तर त्यांना गाडीच्या तळातून थेट गॅरेजचं छप्पर दिसत होतं.

"ताई, तू सांग याला," डॉक्टर रात्रीच्या जेवणाला बायकोला म्हणाले. चिडले की तेही तिला ताई म्हणत.

"काय सांगू? बाबा बोलले ते मीही ऐकलं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तो गंज हवाय का?"

गंज त्यांना नको होता. पण आपल्याला नको असलेली वस्तू दुसरा इतक्या प्रेमानं नेतोय म्हटल्यावर तिच्यात काहीतरी असेल असं माणसाला वाटायला लागतं. डॉक्टरांचं तसंच झालं. त्यांची घासण्यातली मजा गेली. त्यांनी पद्धत बदलली. अंगणात पाण्याची जुनी टाकी होती. तिच्यात धुण्याचा सोडा विरघळवला, एका बाजूला लोखंडी पट्टी टांगली, दुसऱ्या बाजूला गाडीचा दरवाजा बुडवला आणि दोन्हींना बॅटरी चार्जर जोडला. पाण्यात बारीक बुडबुडे यायला लागले. संध्याकाळपर्यंत पाणी चहासारखं झालं आणि दरवाजाचं लोखंड आतून करडं, स्वच्छ दिसू लागलं. डॉक्टर खूश झाले. ना भुकटी, ना चादर, ना बरणी.

तोळोबानं टाकीत डोकावून पाहिलं.

"गंज कुठे गेला?"

"पाण्यात."

"म्हणजे पाणी माझं."

दुसऱ्या दिवशी तो कॅन घेऊन आला. पाणी घरी नेऊन त्यानं परातींमध्ये उन्हात वाळवलं आणि तळाला बसलेला गाळ खरवडून बरणीत भरला. त्याच्या घरात बसायला जागा राहिली नाही, तेव्हा बरण्या बहिणीच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. साखरेचा डबा फडताळावरून खाली आला, डाळी पलंगाखाली गेल्या. घरात येणारी माणसं विचारायची, हे कसलं लोणचं? डॉक्टरांची बायको म्हणायची, "माझ्या वडिलांचं."

मग डॉक्टरांनी शेवटचा उपाय केला. बाजारात एक औषध मिळतं. ते ब्रशनं गंजावर लावलं की गंज निघत नाही, जागच्या जागी काळा कडक थर होऊन बसतो आणि पुढे पसरत नाही. डिकीच्या आतल्या बाजूला डॉक्टरांनी ते गुपचूप लावलं. लपवायचं असं काही नव्हतं, तरी मेहुणा बाजारात गेल्याची खात्री करून घेतली होती.

तोळोबानं डिकी उघडली. काळा थर बोटानं चोळून पाहिला.

"भाऊजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अरे, काय केलं मी?"

"निघणार होतं ते माझं होतं. तुम्ही ते निघूच दिलं नाही. वर त्याला दुसरंच काहीतरी करून ठेवलंत."

"तो गंज होता रे."

"होता ना? मी तेच म्हणतोय. होता."

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत. बायको मात्र दोघांच्या समोर बसून शांतपणे जेवली.

तोळोबानं आता कडक धोरण धरलं. घरून त्यानं आपला मोठा काटा आणला, बरण्या एकेक करून तोलल्या, मग डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगितलं की हिशेबानं बघता गाडीचा मोठा भाग आता त्याच्याकडे आहे, तेव्हा गाडी कुणाची या प्रश्नाचा नव्यानं विचार व्हायला हवा.

"त्यात तिसरा हिस्सा नुसती हवा आहे," डॉक्टर म्हणाले. शाळेतलं रसायनशास्त्र त्यांना वेळेवर आठवलं. "लोखंड गंजतं तेव्हा हवेतला प्राणवायू धरून ठेवतं. म्हणून तर वजन वाढतं."

तोळोबा विचारात पडला. त्याच्यासारख्या माणसाला वजनातली भेसळ सहन होणं शक्य नव्हतं. बऱ्याच वेळानं त्याचा चेहरा निवळला.

"ती हवाही बाबांच्याच गॅरेजमधली," तो म्हणाला.

असं सगळं ताणलेलं असताना सीट काढायची वेळ आली. सीटखालचा पत्रा पापडासारखा झाला होता आणि नवीन पत्रा जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सीटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. डॉक्टरांनी तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा तेल सोडलं. शेवटी जन्मभराच्या सवयीनं बोल्ट पकडीत धरला, गुडघा गाडीला टेकवला आणि अक्कलदाढ काढतात तसा डावीउजवीकडे हलवत हलवत उपटला. सीट उचलली. खाली मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

तोळोबानं कापड उलगडलं. आत लहान मुलाची एक चप्पल होती. एकच. बारीक बक्कल असलेली, टाचेला झिजलेली.

तो चप्पल घेऊन चादरीवर बसला.

"मी म्हटलं होतं," तो म्हणाला.

डॉक्टरांना काही कळेना. ताईला हाक मारावी लागली. तिनं चप्पल पाहिली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तोळोबा सहा वर्षांचा असताना एकदा बाबांबरोबर गाडीतून फिरून परत आला तो एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे गेली विचारल्यावर म्हणाला, गाडीनं खाल्ली. बाबांनी त्याला धपाटा घातला आणि खरं सांगेपर्यंत बहिणीची जुनी चप्पल घालून फिरायला लावलं. पोरगं शेवटपर्यंत एकच सांगत राहिलं. गाडीनं खाल्ली.

"म्हणजे बाबांना नंतर सापडली होती," ती म्हणाली. "कापडात त्यांनीच गुंडाळली असणार. तुला सांगायची लाज वाटली असेल रे."

डॉक्टरांना वाटलं, सुटलो. गाडीतून जे निघायचं ते निघालं, आता बरण्यांचा विषय आपोआप संपेल. त्यांनी हळूच तसं सुचवलंही.

"चप्पल वेगळी," तोळोबा डोळे पुसत म्हणाला. "ती माझीच होती. ती वाटणीत धरता येणार नाही."

मात्र थोड्या वेळानं त्यानं चप्पल डॉक्टरांपुढे धरली. बक्कल गंजलं होतं. ते साफ करून द्याल का, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी दिवा बांधला, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि बक्कल चांदीसारखं करून दिलं. चिमूटभर भुकटी त्यांच्या रुमालावर पडली. त्यांनी ती सवयीनं मेहुण्यापुढे केली.

"राहू द्या," तोळोबा म्हणाला. "ती तुम्हाला."

डॉक्टरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. नंतर बराच काळ त्यांना तो रुमाल धुवायला टाकवेना, आणि त्याचं कारण त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

नवीन पत्रा बसला. भोकं बुजली. बायकोच्या हट्टापायी ब्रेक तेवढे मेकॅनिककडून नवे करून घेतले. गाडी आता डोक्यापासून पायापर्यंत उघडी, करडी आणि चकचकीत झाली होती, आणि तिला ताबडतोब अस्तराचा रंग लावायला हवा होता, नाहीतर दमट हवेत पुन्हा गंज धरला असता. कुठला रंग घ्यावा यावर दोघांचं एकमत होईना. बाजारात हिंडून दोघं रिकाम्या हातांनी परत आले तर गॅरेजमधून जवसाच्या तेलाचा वास येत होता.

डॉक्टरांची बायको पदर खोचून गाडीखालून बाहेर येत होती. हातात रुंद ब्रश. गाडी वरून, खालून, आतून, बाहेरून एकसारखी विटकरी दिसत होती. भिंतीपाशी रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"ताई, बरण्यांतलं?" तोळोबानं विचारलं.

"मिक्सरमधून काढलं, चाळलं, तेलात कालवलं," ती म्हणाली. "अस्तराच्या लाल रंगात दुसरं काय असतं? मला डाळी ठेवायला जागा हवी होती."

तोळोबानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

"म्हणजे गाडीतून काही निघालंच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस मी काही काढलंच नाही," डॉक्टर म्हणाले.

"चहा ठेवते," ती म्हणाली. "तोवर हात लावू नका, ओलं आहे."

अस्तरावर लाल रंग चढला तेव्हा गाडी अशी दिसू लागली की रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थबकायची. बाहेर काढायच्या दिवशी आधी कोण चालवणार यावरून दोघा पुरुषांत पुन्हा कुरबूर सुरू झाली. ती चालू असतानाच ताई स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. बाबांनी तिला याच गाडीवर शिकवलं होतं, हे तिनं आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तिनं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली.

"इंजिन बघितलंत ना?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्यानं डॉक्टरांकडे. बॉनेट उघडून डॉक्टर आत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. इंजिनाला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"बाहेरून बरं दिसत होतं," ते म्हणाले.

"ब्रेक लागतात?"

"ब्रेक लागतात."

"मग ढकला."

त्यांनी ढकललं. फाटकाबाहेर रस्ता उताराचा होता, आणि तो लागताच गाडी दोघांच्या हातांतून अलगद सुटली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, नुसती लाल गाडी वाऱ्यासारखी खाली निघाली. ताईचे पांढरे केस उडत होते. तोंड न मिटता ती हसत होती, आणि डॉक्टरांना इतक्या लांबून तिचे सगळे दात दिसले. पहिल्यांदाच त्यांच्या मनात दातांबद्दल काही आलं नाही. रस्ता संपतो तिथे तिनं झोकात वळण घेतलं आणि झाडाखाली गाडी उभी केली.

दोघं धापा टाकत खाली पोचले. ती खिडकीवर कोपर टेकवून बसली होती.

"आता वर न्या," ती म्हणाली.

"ताई, तू उतर तरी," तोळोबा म्हणाला.

"उतरले तर स्टिअरिंग कोण धरेल?"

दोघांनी बाह्या सरसावल्या आणि खांद्याला खांदा लावून मागून जोर दिला. अर्ध्या चढावर डॉक्टरांनी विचारलं, इंजिन उघडायला उद्या सकाळी येतोस का. तोळोबाला बोलायला श्वास नव्हता. त्यानं नुसती मान डोलावली.