शापित अंगठी आणि विहीणबाईंचा दात
दिवाणखान्याचे पडदे ओढले, जांभळट दिवा लागला आणि तेजोबाबांच्या तळहातावरचा हिरा निळा पेटला. काळ्या शाली पांघरून बसलेल्या भक्तांमधून मोठा हुंकार उठला. तोंडं मात्र सगळ्यांची मिटलेली. बाबांच्या दरबारात दोन नियम कडक होते. अंगावर पांढरं दिसता कामा नये आणि हसायचं नाही. पांढऱ्यानं आत्मा बुजतो आणि हसण्यानं रुसतो म्हणे. आत्मा आहे की रुसका जावई, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण शेजारी माझी पुतणी रडवेली होऊन बसली होती.

हिरा तिच्या साखरपुड्याच्या अंगठीतला होता.

"यात मुलीची पणजी अडकली आहे," बाबा ओठ जेमतेम हलवत, घशातल्या घशात म्हणाले. "फार तापली आहे."

भावी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, कपाळाला हात लावला. अंगठी त्यांनीच दुकानातून आणलेली. पण ती बिघडली आमच्या मुलीच्या बोटात गेल्यावर, हा त्यांचा न्याय. त्याआधी ती या दिव्याखाली कुणी धरली होती, हे विचारायची सोय नव्हती. बाबांकडे उपाय होता. हिरा काही दिवस त्यांच्यापाशी थंड व्हायला ठेवायचा. विहीणबाईंचे कानातले हिरे असेच थंड होऊन आले होते आणि आता दिव्याखाली मुळीच पेटत नव्हते. हिरा थंड होईल हो, पण मुलीचं काय, असं म्हणून विहीणबाईंनी लग्न मोडल्याचं जाहीर केलं. नवरदेव स्वतःच्या पायांचे अंगठे बघत बसला. मला त्याचा मनस्वी राग आला.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण बोलली. ती दातांची डॉक्टर, दवाखान्यातून तशीच उठून आलेली.

"बाबा, अंगठी यांनी गेल्या महिन्यात विकत आणली. हिची पणजी, म्हणजे आमची आजी, यांच्या हिऱ्यात शिरलीच कशी? जन्मभर ती न विचारता कुणाच्या घरात गेली नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं, आणि बघता बघता सारा दरबार हसायला लागला. अंधारात दातांच्या निळसर रांगाच रांगा तरंगू लागल्या. बाबा "गप्प बसा" म्हणून ओरडले आणि त्यांचीही बत्तिशी लखलखली. बहिणीनं शाल टाकली. आतला धुतलेला पांढरा कोट ट्यूबलाइटसारखा उजळला.

"माझ्या कोटात कोण अडकलंय, बाबा?"

बाबा म्हणाले, दातांनाही शाप असतो. एका भक्तानं लगेच दात थंड करायला ठेवता येतील का, अशी चौकशी केली.

बहिणीनं सगळ्यांना समजावलं. या दिव्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. ते झेलून काही वस्तू दिसणारा उजेड परत टाकतात. दात टाकतात, कपडे धुण्याची पावडर टाकते, काही हिरेही टाकतात. मग ती विहीणबाईंकडे वळली. त्यांच्या समोरच्या दातांत एक काळं भोक दिसत होतं.

"तो दात खोटा, बसवलेला आहे," विहीणबाई ओशाळून म्हणाल्या.

"मग कानातलेही तसेच खोटे बसवलेले असतील. पेटणारा हिरा मंत्रानं विझत नाही. चमक गेली असेल तर हिराच गेला."

पडदे उघडेपर्यंत बाबा मागच्या दारानं पसार झाले होते. दिवा आणि घाईत हातातून पडलेली अंगठी तेवढी मागे राहिली.

सराफानं कानातले काचेचे ठरवले आणि अंगठीतला हिरा अस्सल. अशा निळ्या चमकेमुळे किंचित पिवळट हिरा उन्हात जास्त पांढरा दिसतो, तो म्हणाला. चमक फारच असली तर एखादा हिरा दुधाळ दिसतो, आणि अशी चमक असलेल्या स्वच्छ पांढऱ्या हिऱ्याला गिऱ्हाईक थोडं कमी मोल देतं. शाप काय तो एवढाच, आणि तो विकणाऱ्याला.

नवरदेव अंगठी घेऊन आला. पुतणीनं ती लगेच घेतली नाही.

"मला पणजीनं झपाटलंय, असं तुला वाटलं होतं?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

तो पुन्हा पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागला. "उत्तर सापडलं की ये," ती म्हणाली आणि तिनं दार लावलं. लग्न अजून ठरायचं आहे.

बाबा लबाड होता, हे खरंच. पण त्या खोलीत शंका आलेले आम्ही बरेच होतो, मीसुद्धा, आणि आमच्या गप्प बसण्यावरच त्याचं दुकान चालत होतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: शंका आली की तिथेच, सगळ्यांसमोर विचारा.