विहिरीवरची पालथी शिळा

मी एक जुनी शिळा आहे, पण मित्रांनो, मला धोंडा म्हणू नका. तुमच्या रत्नागिरीचा जांभा भोकाभोकांचा. मी परदेशी खाणीतली, गुळगुळीत, छापखान्यासाठी बोटीतून आलेली.

माझ्यावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि कागद दाबून छापायचे. हे काम हरिहरपंत घरच्याच छापखान्यात करीत. गोऱ्या साहेबाच्या पेपरात साहेब म्हणजे सिंह, आणि आपण त्याच्या पायाशी हात जोडलेली उघडी पोरे. पंतांचा संताप होई. त्यांनी माझ्यावर साहेबाचा बगळा काढला. डोक्यावर हॅट, काखेत कायद्याचे पुस्तक, एका पायावर ध्यान, आणि चोचीतून लोंबणारी मासळी म्हणजे आपण. बाजारात माणसे पोट धरून हसली. ज्याच्यावर हसता येते त्याचे भय उरत नाही, हे साहेबाला बरोबर कळले.

त्याने सगळे कागद जाळले, पंतांना नेले. ते तुरुंगातच वारले. पण पोलीस बेड्यापाशी, कुंपणाच्या दारात, दिसताच त्यांच्या बायकोने, गोदाबाईंनी, गडी भागोजीला हाताशी घेऊन मला विहिरीवर पालथी टाकली आणि वर लुगडे आपटायला घेतले. हवालदाराने माझ्यावरच उभे राहून पाय धुतले. गाढव मेला.

पुढे साहेब देश सोडून गेला. गोदाबाई सुनेला, सुमेधाला, एवढेच सांगत, "ती शिळा हलवायची नाही." का, ते सांगत नसत. सासूने कारणे द्यायची असतात होय? माझी पाठ धुण्याने खोलगट झाली. पोटावर बगळा शाबूत होता.

पंच्याऐंशी साली चिपळूणहून एक मास्तर आले. प्रदर्शनासाठी पंतांचे एखादे चित्र आहे का, म्हणाले. गोदाबाई ताठ मानेने उठल्या.

"सुमेधा, बाबल्या गड्याला हाक मार. विहिरीवरची शिळा उलटायची आहे."

"ती शिमग्यातच उलटली, आई. तुम्ही गणपतीपुळ्याला गेला होतात. खोलगट झालेली, पाणी साचायचं."

"आणि खालच्या बाजूला काय होतं?"

"काळे डाग. जाता जाईनात मेले. सोडा घालून काथ्याने घासले."

गोदाबाई कित्येक महिन्यांनी विहिरीवर आल्या. माझ्यावरचे धुण्याचे पिळे बाजूला ठेवून बोटांनी चाचपत राहिल्या. काठाशी बगळ्याचा पाय तेवढा उरला होता.

"सांगायचं होतंत ना, आई," सुमेधा रडवेली झाली.

"तुझी चूक नाही गो. साऱ्या गावाला बोलले. घरात सांगायचं तेवढं मात्र गिळून बसले."

मित्रांनो, साहेबाच्या पोलिसांना जमले नाही ते घरच्या सोड्याने केले. जुन्या वस्तूवर डाग दिसला तर घासण्याआधी विचारा. आणि घरातल्या थोरांनो, पोरे विचारीपर्यंत थांबू नका.

आता माझ्यावर कोणी धुणे आपटत नाही. रोज पुसतात, फूल ठेवतात. जपायचे ते गेल्यावर जपणूक आली.